त्या पत्रात तुझं नाव होतं

महांतेश,

गुरुवारी तिसऱ्या तासाला सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्यावर पेरू काढत होते. तुझी बायको मला शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून मी उचलला. ती म्हणाली, "अक्का, ह्ये उठंनात." मी म्हटलं, "मग झोपू दे की थोडं." खरंच असं म्हटलं मी. सकाळचे साडेदहा वाजलेले, तू दुकानातल्या टेबलावर डोकं टेकून बसलेला, समोर कुणाचा तरी उघडा लॅपटॉप, आणि मी म्हणते झोपू दे. पुढे ती काय बोलली ते मला आठवत नाही. हातातला खडू तसाच धरून मी रिक्षात बसले. राजारामपुरीत तुझ्या दुकानाशी उतरेपर्यंत त्याचा चुरा झाला होता आणि रिक्षावाला म्हणत होता, "बाई, साडी बघा."

तुझं वय, तुझं शिक्षण, तुझ्यामागे कोण कोण, हे मी लिहिणार नाही. ते पेपरात येऊन गेलं. त्यात तुला 'संगणक तज्ज्ञ' म्हटलंय. तू ते कात्रण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवून हसला असतास. मला हसू येत नाही आणि रडूही धड येत नाही. घरात कुणी हाक मारली की दोनदा 'काय?' विचारते. काल भाजीवाल्याने कोथिंबीर हातात दिली आणि मी ती घेऊन तशीच उभी राहिले, मागच्या बाईने ढकलेपर्यंत.

तुमच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून पुरतात, हे मी ऐकून होते. ऐकणं वेगळं. गावी, गडहिंग्लजला, तुमच्या दारात पोचले तर तू खुर्चीत बसलेला. डोक्याला पटका, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार. तुझी आई, अव्वा, शेजारी पाट घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "ये वा अक्का, किती लांबनं आलीस. बस त्येच्याम्होरं." मी बसले. तुझ्या दुकानात बसायचे तशीच, समोरासमोर, गुडघ्यावर पर्स. आणि महांतेश, मी वाट बघत होते. खोटं कशाला सांगू? आता हा मान वर करेल आणि म्हणेल, "अक्का, तुमचं चुकतंय," असं मला वाटत होतं. बायका रडत होत्या, स्वामी काहीतरी म्हणत होते, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले होते. तुला उचलून नेलं तेव्हाही मी तिथेच बसलेली. कुणीतरी मला पाणी दिलं.

तू संगणकावरच्या खेळांचा वेडा होतास, त्यामुळे आता बाईंनी खेळातले तीन जीव, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बटण, असलं काहीतरी लिहावं अशी लोकांची अपेक्षा असेल. नाही लिहिणार. तुला ते आवडलं नसतं आणि मला तर आत्ता ते वाचायलाही नको.

टाळेबंदीच्या वर्षात आपली ओळख झाली. शाळा बंद, चित्रकलेचे तास लॅपटॉपवर, आणि माझा लॅपटॉप दर दहा मिनिटांनी मान टाकायचा. तू तो दुरुस्त करून दिलास आणि त्यात एक खेळ ठेवून दिलास. नीट चालतंय का बघायला, म्हणे. एक होडी, एक नदी, बाकी काही नाही. मी पंधरा मिनिटं ती होडी काठावर आपटत बसले आणि मग तुला फोन केला. "तुझ्या खेळात काय करायचं तेच कळत नाही."

"कळंना न्हवं?" तू इतका खूश झालास की मला वाटलं चेष्टा करतोयस. "लई ब्येस झालं. आता कळंल."

पहिलं भांडण तिथेच झालं. मी म्हणाले, बाण दाखवायला काय होतं? नवख्या गावात माणूस पाटी शोधतो. तू म्हणालास, "अक्का, तिकटीवर पाटी नसंल तर माणूस माणसाला इचारतोय. पाटी लावली की बोलणंच बंद." मी म्हणाले, पण तुझ्या नदीत विचारायला माणूसच नाही, नुसती होडी आहे. तू म्हणालास, "तुमी मला फोन केलासा की." मी फोन ठेवला आणि पुन्हा होडी हाकायला बसले.

त्यानंतर मी वेड लागल्यासारखे खेळ खेळले. पन्नाशीला आलेली चित्रकलेची बाई, वह्या तपासायच्या ठेवून राक्षसाच्या मागे पळतेय. नवऱ्याने आधी हसून घेतलं आणि मग चहा स्वतः करायला शिकला. दर शनिवारी शाळा सुटली की मी तुझ्या दुकानात यायची आणि आपण मतं मांडायचो. कुणी विचारलेली नसत, तरी मांडायचो. पाठीवरच्या पिशवीत किती वजन चालावं, दार उघडतं की नाही हे नुसत्या रंगावरून कळलं पाहिजे की नको, वाईट माणसाचं घर चांगलं सजवावं का. ग्राहक चार्जर घेऊन उभा असायचा आणि तू त्याला म्हणायचास, "थांबा पावणं, ह्यो मुद्दा म्हत्त्वाचा हाय."

मग तू 'तिकटी' काढलीस, तीन रस्ते मिळतात त्या तिकटीचंच नाव दिलंस. दुकानाच्या कोपऱ्यात एका जुन्या संगणकाची पेटी, तिला पंखा लावलेला, आणि त्या पेटीत इंटरनेटवरचं आपलं स्वतःचं बोलायचं ठिकाण. मालक कुणी परदेशातला शेठ नाही, जाहिराती नाहीत. अशी लहान लहान ठिकाणं जगभर आहेत आणि सगळी एकमेकांशी बोलतात, हे तू मला समजावलंस तेव्हा मी विचारलं होतं, मग माझं नाव एवढं लांबलचक का? आधी माझं नाव, मग पुढे ठिकाणाचं नाव. तू म्हणालास, "आपल्यात पयला प्रश्न कुठला? कुठलं गाव पावणं? त्येचंच हाय ह्ये. गाव सांगितल्याबिगर माणूस कळतोय व्हय?"

मला ते पटलं आणि तरी राग आला. पुण्याच्या एका बाईंची चित्रं मला रोज बघायची होती. त्यांच्या नावावर बोट ठेवलं तर त्यांच्या ठिकाणाचं दार उघडलं आणि म्हणालं, आधी ओळख सांगा. ओळख सांगितली तर म्हणालं, तुम्ही इथल्या नाही, तुमच्या घरी जा आणि तिथून या. म्हणजे पाहुणी उंबऱ्यावर आलीय, हातात मिठाईचा पुडा आहे आणि तिला म्हणायचं, परत जा आणि घरून नीट ये! मी तुला तावातावाने हे सांगितलं तर तू म्हणालास, "व्हय, तेवढं वंगाळ हाय." तेवढं तू कबूल केलंस. तुझ्याकडून कबुली म्हणजे काय हे सुवर्णाला विचारावं.

तिकटीवर आपण सदतीस जण होतो. शौकतभाई सगळ्यांचे लाडके. एसटी चालवतात, गगनबावड्याला मुक्कामाची गाडी नेतात आणि सकाळी घाटातल्या धुक्याचे फोटो टाकतात. प्रत्येक फोटोत नुसतं पांढरं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'आज जरा जास्त हाय.'

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. आत्तापर्यंत मी टाळतेय हे तू ओळखलं असशीलच.

तिकटीवरच्या खासगी पत्रावरून आपलं भांडण झालं होतं. तिथे खासगी पत्र असं वेगळं काही नाहीच. पत्रात ज्याचं पूर्ण नाव येईल त्याला ते पत्र जातं, एवढाच नियम. मी शौकतभाईंना खासगी लिहिलं आणि मजकुरात सहज तुझं नाव, गावासकट, आलं तर ते तुलाही जाणार. मी म्हणाले, हे कुठलं पोस्ट ऑफिस? आतल्या कागदावर कुणाचं नाव आहे ते वाचून पोस्टमन त्याच्याकडे पाकीट नेऊन देतो?

"नाव घ्येतलं तर त्येला कळाय नगं?" तू म्हणालास. "पाठीमागं बोलायचंच कशाला?"

"अरे, माणसं बोलतात पाठीमागे. प्रेमानेही बोलतात. तुझ्या वाढदिवसाचं ठरवायचं तर तुला कळवून ठरवायचं?"

"ठरवा की. केक कसला हाय मलाबी कळंल."

मी म्हटलं, निदान धाडण्याआधी एकदा विचार तरी. एक छोटी चौकट, बाई, हे त्यालाही जाणार आहे, चालेल का? तू मान हलवलीस. "चौकट दिसली की माणूस वाचतच न्हाय अक्का. 'व्हय' दाबतंय आन फुडं जातंय. असल्या चौकटीनं माणूस शाणा होत न्हाय, नुसता बोटानं दाबाय शिकतोय." आणि मग म्हणालास, "मी आसंस्तवर तिकटीवर चौकट न्हाय." तुला असं ठाम बोलायची खोडच होती. त्यावर मी तुला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे भांडून भांडून माहीत होतं. तरी माझ्या हातून ते झालं.

आपला खेळ. तीन वर्षं चाललेला, तुझा आणि माझा. सुचला माझ्यामुळे, हे तू सगळ्यांना सांगायचास आणि मी 'छे, छे' म्हणत ऐकून घ्यायची. लहानपणापासून आम्ही नृसिंहवाडीला जातो. पावसाळ्यात तिथे पाणी चढतं, देऊळ बुडतं, उत्सवमूर्ती वर नेतात, आणि कुणी गडबडत नाही, कारण कुठलं काय कधी उचलायचं ते पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. मी म्हणाले, देवाचं ठरलेलं आहे, आपल्या घराचं नाही. टाळेबंदीच्या आदल्या वर्षीच्या पुरात आमच्या मागच्या गल्लीतल्या बाईंनी आधी टीव्ही माळ्यावर नेला आणि पोरांचे दाखले खाली राहिले. तू तेवढ्यावरून खेळ रचलास. एक घर, पाणी हळूहळू चढतंय, आणि काय काय माळ्यावर न्यायचं ते तुम्ही ठरवायचं. गुण नाहीत. कुठली वस्तू मोलाची ते कुठेही लिहिलेलं नाही. पाणी ओसरलं की घरातली माणसं चहाला बसतात, आणि काय राहून गेलं ते तेव्हा कळतं. शेगडी आहे पण लायटर नाही. म्हातारीला औषध आहे पण चष्मा नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मी घरातल्या वस्तू काढल्या. शिलाई मशीन, पिठाचा डबा, गादी, मिक्सर, लग्नाचा अल्बम, तांब्याचा बंब. तू प्रत्येक चित्र बघून म्हणायचास, "ह्ये उचलाय दोन माणसं लागतील," आणि तसं वजन घालायचास.

तू गेलास त्याच आठवड्यातल्या सोमवारी शौकतभाईंनी तो खेळून बघितला. अर्धा तास त्यांनी पहिल्या चित्राकडे बघत घालवला आणि मग लिहिलं, 'लई झ्याक चित्र हाय म्याडम, पण फुडं काय?' त्यांना तो खेळ आहे हेच कळलं नव्हतं. वस्तूवर बोट ठेवून ओढायची असते हे त्या माणसाला कोण सांगणार? शाळा सुटल्यावर मी तशीच दुकानात आले आणि म्हणाले, एक ओळ घाल, 'सामान वर न्या,' एवढीच.

"पुरात कोण सूचना देतंय?" तू म्हणालास.

"देतात की. भोंग्याची रिक्षा फिरते गल्लीतून."

"फिरती. ऐकतंय कोण?"

"महांतेश, तो माणूस एवढा घाट उतरवतो आणि त्याला तुझा खेळ कळत नाही. चूक त्याची नाही."

आणि मग तू ते म्हणालास. स्क्रीनवरून नजर न काढता. "अक्का, तुमी चित्रं काढा. खेळाचं मी बघतो."

मी उठून आले. सुवर्णा वरून चहा घेऊन उतरत होती. तिला म्हटलं, घाई आहे.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी शौकतभाईंना खासगी पत्र लिहिलं. शब्द न् शब्द पाठ आहे मला, तो इथे उतरवते, कारण माझ्याच हातचा आहे: 'वाईट वाटून घेऊ नका, चूक तुमची नाही. महांतेशला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. त्याच्या हट्टापायी मी तीन वर्षं चित्रं काढतेय, हा खेळ काही पुरा होत नाही. दुकानात त्याला कुणी विचारत नाही, म्हणून तो तिकटीवर राजा होऊन बसलाय.'

तुझं नाव लिहायला घेतलं, पहिलं अक्षर टाकलं तर खाली अख्खं नाव सरकून आलं, गावासकट. बोट ठेवलं. मला काही वाटलंसुद्धा नाही. डोक्यात राग होता आणि घंटा व्हायला चार मिनिटं होती.

शाळा सुटताना शौकतभाईंचं उत्तर आलं. 'म्याडम, ह्ये त्येलाबी गेलंय वाटतं.'

मी रस्त्यातच उभी राहिले. पत्र उघडलं, पुसून टाकलं, पण तुला जायचं ते गेलेलं होतं. स्वतःला म्हटलं, त्याने बघितलं नसेल. तो दिवसभर कुणाच्या तरी मशिनीत डोकं घालून बसलेला असतो. शनिवारी जाईन, बोलेन. शनिवारी! दुकान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, महांतेश. मी मंगळवारी येऊ शकले असते. चालत.

बुधवारी दुपारी तुझा फोन आला. वर्गात होते असं मी सगळ्यांना सांगितलं. वर्गात नव्हते. स्टाफरूममध्ये एकटी बसले होते, फोन हातात होता, तुझं नाव दिसत होतं, आणि मी तो वाजू दिला. मला शिव्या खायच्या नव्हत्या. खरं म्हणजे तू शिव्या दिल्या नाहीस आणि नुसता शांत बोललास, तर काय करायचं तेच मला कळत नव्हतं. तू पुन्हा फोन केला नाहीस.

गुरुवारी पेरू.

आता तुला कळेल गडहिंग्लजला मी तुझ्या तोंडाकडे का बघत बसले होते. अव्वाला वाटलं, बाईचा केवढा जीव आहे माझ्या लेकावर. जीव होताच. पण मी तुझ्या चेहऱ्यावर शोधत होते की तू ते वाचलंस का. असं कुणी मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर शोधतं का? मी शोधत होते.

परवा शाळेतून येताना दुकानात गेले. सुवर्णा तुझ्या खुर्चीत नाही, ग्राहकाच्या स्टुलावर बसली होती. लोकांचे दुरुस्तीला टाकलेले लॅपटॉप कुणाचे कुठले तिला कळत नाही, म्हणून तुझा फोन चार्ज करून जवळ ठेवलाय. ज्याचा असेल तो फोन करतो. माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. तिला काही माहीत नव्हतं. मग कोपऱ्यातल्या पेटीकडे बघून म्हणाली, "अक्का, ही घुंघुं करती ती बंद करू का चालू ठिवू? ह्यांनी मला कदी सांगितलं न्हाय." मी म्हटलं, सगळ्यांना विचारून सांगते. "फोन बघतासा? कुलूप न्हाय त्येला. काय लिहून ठिवलं आसंल तर." तिने फोन माझ्या हातात दिला. मंगळवारचं सगळं त्यात असणार होतं. अंगठा काचेवर ठेवला आणि मी फोन तिला परत दिला. "नको," म्हटलं, "तुझ्याकडेच असू दे." तिला वाटलं मला भरून आलं. लोक माझ्याबद्दल फारच चांगलं समजतात.

काल संध्याकाळी मी धीर करून शौकतभाईंना लिहायला बसले. रविवारी दुकानात जमू, तिकटीचं काय करायचं ते ठरवू, एवढंच लिहायचं होतं. लिहिता लिहिता बाकीचंही आलं. मंगळवारी मी जे लिहिलं ते रागात लिहिलं, दुकानात त्याला कुणी विचारत नाही हे धडधडीत खोटं आहे, मी स्वतः दर शनिवारी त्याला विचारायलाच जायचे. तो खेळ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे. त्याचा बुधवारचा फोन मी मुद्दाम उचलला नाही. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तुझं नाव आलं तिथे पहिलं अक्षर टाकलं, नाव सरकून आलं, बोट ठेवलं. पुन्हा तेच. एवढं झालं तरी माणूस काही शिकत नाही. मी 'धाडा' दाबलं.

पत्र गेलं नाही. समोर एक चौकट आली.

'थांबा जरा. ह्या पत्रात महांतेशचं नाव हाय. मंजी ह्ये त्येलाबी जाणार. त्येला कळलं तर चालतंय न्हवं?'

खाली दोन बटणं. 'धाडा' आणि 'ऱ्हाऊ द्या'. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत, तिकटीत काही बदललंस की तू लिहून ठेवायचास तसं: 'बुधवार. मजकूर कच्चा. अक्कास्नी फोन करून नीट करून घेणे.'

मी ते किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. म्हणजे तू वाचलं होतंस. मंगळवारीच वाचलंस, सगळं, राजा होऊन बसलाय वगैरे सगळं, आणि बुधवारी सकाळी दुकान उघडून, तू असेपर्यंत होणार नव्हती ती चौकट करायला बसलास. मराठीत लिहायचं म्हटलं की तू मलाच विचारायचास, म्हणून फोन केलास. त्या फोनवर तू मला आणखी काय सुनावणार होतास ते मला माहीत नाही. सुनावणार होतासच, तू काही साधू नव्हतास. तुला किती लागलं तेही मला आता कधी कळणार नाही. पण मजकूर कच्चा होता आणि तो तू माझ्याकडून पक्का करून घेणार होतास. 'खेळाचं मी बघतो' म्हणणारा माणूस.

त्यात नीट करण्यासारखं काही नाही, महांतेश. मी काना-मात्रासुद्धा बदलणार नाही.

मी पत्र पुन्हा वाचलं. त्यात मी तुला काय म्हणाले होते ते होतं आणि फोन न उचलल्याचंही होतं. 'धाडा' दाबलं.

अर्ध्या मिनिटात दुकानातून सुवर्णाचा फोन आला.

"अक्का, ह्यांचा फोन वाजला आत्ता. घाबरलीच मी. तुमचं काय तरी आलंय, लांबडं हाय. शौकतभाईंचंबी नाव हाय वर." मग म्हणाली, "उघडू का? का खासगी हाय?"

खासगी आहे म्हटलं असतं तर तिने उघडलं नसतं. ती तसलीच आहे.

"उघड," मी म्हटलं. "आणि तिथे, दुकानातच, मोठ्यानं वाच."